जिशो डॉट ऑर्ग : जपानी वाचणाऱ्यासाठी उत्तम, लिहिणाऱ्याने मात्र उलटतपासणी करावी

जपानी शिकणाऱ्या कुणालाही शब्द कुठे बघतोस म्हणून विचारलं की बहुधा एकच नाव ऐकू येतं : जिशो डॉट ऑर्ग. शब्दकोशाचं हे संकेतस्थळ फुकट आहे, पटकन उघडतं, खातंबितं काढावं लागत नाही. मी इंग्रजीतून जपानीत भाषांतर करते, मुख्यतः यंत्रांची माहितीपुस्तकं आणि अ‍ॅपच्या पडद्यांवरचा मजकूर. त्यामुळे कामाच्या वेळात एक टॅब कायम जिशोचा असतो. जपानी मजकूर वाचताना इतकं हाताशी येणारं दुसरं साधन मला माहीत नाही. पण उलट्या दिशेने, म्हणजे इंग्रजी शब्द टाकून त्याचा जपानी प्रतिशब्द काढायचा असेल, तर जिशो काय देतं आणि काय देऊ शकत नाही हे आधी समजून घ्यायला हवं. या परीक्षणात मी त्याच वापराबद्दल लिहिणार आहे. नवशिक्यांची सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते, आणि ती टाळता येते.

जिशोच्या पोटात आहे तो जेएमडिक्ट नावाचा कोश. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठातले जिम ब्रीन यांनी १९९१ साली एडिक्ट या नावाने एक साधी फाइल सुरू केली, तिचाच हा वाढलेला अवतार. आज त्यात दोन लाखांहून जास्त नोंदी आहेत, परवाना खुला आहे, आणि कुणालाही दुरुस्ती सुचवता येते. संपादक पुरावा तपासून ती स्वीकारतात किंवा नाकारतात. मला या कामाबद्दल मनापासून आदर आहे. इतक्या वर्षांची चिकाटी, आणि तीही सगळ्यांना मोफत वापरू देण्यासाठी.

आता कळीची गोष्ट. हा कोश जपानी-इंग्रजी आहे. एकेका जपानी शब्दाची नोंद आणि त्यापुढे इंग्रजी अर्थ, अशी त्याची रचना. तुम्ही शोधपेटीत इंग्रजी शब्द टाकता तेव्हा जिशो इंग्रजी-जपानी कोश उघडत नाही. ज्या ज्या जपानी नोंदींच्या अर्थात तो इंग्रजी शब्द आला आहे, त्या सगळ्या नोंदी वर काढून देतं. इंग्रजी शब्दाचे अर्थ वेगळे करून, पहिल्या अर्थाला हा, दुसऱ्याला तो, अशी मांडणी तिथे मिळत नाही. ती करायची कुणी, तर आपण.

'ऑर्डर' हा शब्द घ्या. यादीत च्यूमोन येतो, मेइरेइ येतो, जुन्बान आणि चित्सुजोही येतात. हॉटेलात किंवा दुकानात मागणी नोंदवायची ती च्यूमोन. वरिष्ठाने हाताखालच्याला द्यायचा हुकूम म्हणजे मेइरेइ. रांगेतली पाळी, क्रम म्हणजे जुन्बान. कायदा आणि सुव्यवस्थेतली सुव्यवस्था म्हणजे चित्सुजो. छातीवर लावायचं मानचिन्ह असेल तर कुन्शो. आणि संगणकाच्या तक्त्यात चढता-उतरता क्रम लावायचा असेल तर यातलं काहीच नाही, तिथे शोजुन आणि कोजुन. एका इंग्रजी शब्दाच्या जागी इतके जपानी शब्द, आणि एकही दुसऱ्याच्या जागी चालत नाही. 'चढता हुकूम' असं मराठीत कुणी लिहिलं तर जसं वाटेल, तसंच जपानी वाचकाला वाटतं.

यातून बाहेर पडायची वाट जिशोमध्येच आहे, फक्त ती वापरावी लागते. प्रत्येक नोंदीत आपल्या शब्दाच्या शेजारी आणखी कोणते इंग्रजी शब्द दिले आहेत ते वाचायचे. मेइरेइच्या नोंदीत ऑर्डरच्या शेजारी कमांड आहे. जुन्बानमध्ये टर्न आहे. चित्सुजोमध्ये डिसिप्लिन आहे. एकटा ऑर्डर काहीच सांगत नाही, शेजारी मात्र सगळं सांगून जातो. मग निवडलेला जपानी शब्द पुन्हा शोधपेटीत टाकायचा आणि त्याची पूर्ण नोंद, त्यातले दोन, तीन, चार क्रमांकांचे अर्थसुद्धा वाचायचे. ही उलटतपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी एवढं एकच बजावते : पहिल्या यादीतून थेट शब्द उचलायचा नाही.

शोधपेटीची एक लकब सांगून ठेवते. रोमन अक्षरांत काही टाकलं की जिशो आधी ते जपानी उच्चार म्हणून वाचायचा प्रयत्न करतं. म्हणजे इंग्रजी 'सेम' टाकलात तर ते 'सामे' वाचलं जातं आणि समोर शार्क मासा येतो. 'टेक' टाकलात तर 'ताके', म्हणजे बांबू. 'मेड' टाकलात तर 'मादे', म्हणजे 'पर्यंत'. इंग्रजी शब्दच शोधायचा असेल तर तो दुहेरी अवतरणचिन्हांत घालायचा. तसंच हॅशचं चिन्ह देऊन 'कॉमन' लिहिलं की फक्त नेहमीच्या वापरातल्या नोंदी उरतात आणि यादी पुष्कळ आवरते. साध्या गोष्टी आहेत, पण वर्षानुवर्षं जिशो वापरणाऱ्या कित्येकांना त्या ठाऊक नसतात.

आता मला सगळ्यात जिव्हाळ्याच्या मुद्द्याकडे येऊ दे. आपण मराठी माणसं जपानी शिकताना मधे इंग्रजी का घालतो? कारण कोश इंग्रजीत आहेत, पुस्तकं इंग्रजीत आहेत. जेएमडिक्टच्या नोंदींना जर्मन, फ्रेंच, रशियन, डच, स्पॅनिश अशा भाषांतले अर्थही जोडलेले आहेत, मराठी त्यात नाही. म्हणून इंग्रजीचा पूल लागतो. पण त्या पुलावर पाय ठेवण्याआधी तोच विचार मराठीत करून बघितला, तर इंग्रजीने गोळा करून ठेवलेले अर्थ आपोआप सुटे होतात.

'ब्रेक' बघा. इंग्रजीत काचही ब्रेक होते, फांदीही, दोराही, यंत्रही. मराठीत आपण असं बोलतच नाही. काच फुटते, फांदी मोडते, दोरा तुटतो, यंत्र बिघडतं, कागद फाटतो. आणि जपानीत? काच वारेरु, फांदी ओरेरु, दोरा किरेरु, यंत्र कोवारेरु, कागद याबुरेरु. पाच मराठी क्रियापदं, पाच जपानी क्रियापदं, जवळजवळ एकास एक. हाड आपल्याकडे मोडतं, जपानीतही ओरेरुच. इतकंच काय, फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे या आपल्या जोड्या, म्हणजे आपोआप घडणारं एक आणि कुणीतरी घडवून आणलेलं दुसरं, जपानीतही तशाच आहेत : वारेरु-वारु, ओरेरु-ओरु, किरेरु-किरु. इंग्रजीत दोन्हीकडे ब्रेकच. ज्याच्या कानात फुटणे आणि फोडणे यांतला फरक लहानपणापासून मुरलेला आहे, त्याने तो फरक इंग्रजीत बुडवून मग जिशोच्या यादीतून परत गाळून काढायचा, हा उलटा उद्योग झाला.

मोठी नोट मोडायची असेल तर? मराठीत 'मोडणे' म्हटलं म्हणून ओरु वापरू नका. तिथे जपानीत कुझुसु लागतं, ज्याचा मूळ भाव ढासळवणे, विस्कटणे असा आहे. वचन आपण मोडतो, जपानी माणूस याबुरु करतो, म्हणजे शब्दशः फाडतो. विक्रमही तसाच याबुरु. आणि कामातून घेतलेला ब्रेक म्हणजे क्यूकेइ, त्याचा तोडफोडीशी काहीच संबंध नाही. तेव्हा मराठीवरही डोळे मिटून भरवसा ठेवता येत नाही. मराठीतून अर्थ सुटा करायचा, इंग्रजीतून नोंद गाठायची, आणि नोंदीतल्या शेजारच्या शब्दांवरून खात्री करायची. असं केलं की मग जिशो खरोखर कामाला येतं. ओरेरुच्या नोंदीत फ्रॅक्चर दिसतं, स्नॅप दिसतं. 'मोडणे' डोक्यात असेल तर ते शब्द बघताक्षणी नोंद ओळखू येते.

'ट्राय' या शब्दाने तर मला ही पद्धत कायमची पटली. यादीत तामेसु आणि कोकोरोमिरु हे शब्द मिळतात. पण 'खाऊन बघ' म्हणायचं असेल तर त्यांपैकी एकही नको. जपानी म्हणतो ताबेते मिते : ताबेते म्हणजे खाऊन, मिते म्हणजे बघ. अक्षरशः आपलंच वाक्य. 'आणून ठेव' मधलं 'ठेव' म्हणजे ओकु, आणि 'विकत आणून ठेव' हे कात्ते ओइते या वळणाने येतं. स्वप्न इंग्रजीत 'हॅव' करतात, आपण स्वप्न पाहतो, जपानीही युमे ओ मिरु म्हणजे स्वप्न पाहणेच. जिशोमध्ये हे नाही असं नाही. मिरु, म्हणजे पाहणे, या क्रियापदाच्या नोंदीत खाली उतरलात तर 'करून बघणे' हा अर्थ सापडतो. पण 'ट्राय' टाकून शोधणारा तिथपर्यंत पोचणार कसा? मराठी माणसाने मात्र तिथे सरळ जावं.

मराठी तोकडी पडते त्या जागाही आहेत आणि त्या ठाऊक असायला हव्यात. 'वेअर' या इंग्रजी शब्दाला आपण बहुतेक ठिकाणी 'घालणे' म्हणतो. सदरा घालतो, चप्पल घालतो, टोपी घालतो. साडी नेसतो आणि फेटा बांधतो, एवढाच काय तो भेद आपण ठेवला आहे. जपानीत सदरा किरु, विजार आणि बूट हाकु, टोपी काबुरु, चष्मा काकेरु, हातमोजे आणि अंगठी हामेरु, गळपट्टा माकु, टाय शिमेरु. इथे मराठीचा आधार सुटतो, शरीराचा कोणता भाग आणि वस्तू कशी बसते एवढंच बघायचं. जिशोच्या नोंदी इथे मात्र चांगल्या आहेत. हाकुच्या अर्थापुढे तो कमरेखालच्या कपड्यांसाठी आणि पायात घालायच्या वस्तूंसाठी आहे अशी टीप दिसते. अशा कंसातल्या टिपा हे जेएमडिक्टचं मोठं बळ आहे आणि लोक त्या वाचतच नाहीत.

'कोल्ड'ला मराठी पुन्हा धावून येते. हवेतली थंडी सामुइ, हाताला लागणारं गार पाणी त्सुमेताइ, सर्दी म्हणजे काझे. 'राइस'चंही तेच : शेतातलं भाताचं रोप इने, पोत्यातले तांदूळ कोमे, ताटातला भात गोहान. नातेवाईकांत गंमत आहे. काका आणि मामा यांना जपानी एकाच शब्दाने, ओजी, संबोधतो. पण लिहिताना तो ओजी आपल्या आई-वडिलांपेक्षा मोठा की धाकटा यावरून कांजी, म्हणजे चिनीतून आलेली अक्षरं, बदलते. आपण बाजू बघतो, ते वय बघतात. भाऊ म्हणायचा तर आधी थोरला की धाकटा ते ठरवल्याशिवाय जपानीत तोंडच उघडता येत नाही : आनी किंवा ओतोतो.

कामातली एक जागा सविस्तर सांगते, कारण कोशाची खरी परीक्षा तिथे होते. अ‍ॅपचा मजकूर भाषांतराला येतो तो तक्त्यात. एका रकान्यात इंग्रजी, शेजारचा रकाना रिकामा. वाक्यं नसतात, संदर्भ नसतो, नुसते सुटे शब्द. त्वचेच्या औषधांशी संबंधित एका कामात 'अप्लाय' हा शब्द चार ओळींत आला होता आणि चारही ओळींत जपानी वेगळं लागणार होतं. पहिली ओळ सेटिंगच्या पानावरचं बटण : तिथे तेकियो, संगणकांच्या जपानी पडद्यांवर हाच शब्द रूढ आहे. दुसरी, मलम दिवसातून दोनदा लावा : तिथे नुरु. तिसरी, नोकरीसाठी अर्ज करा : ओबो. चौथी, प्रश्नावलीतलं 'लागू असेल ते सर्व निवडा' : तिथे आतेहामारु. सरकारी कचेरीत परवान्यासाठी अर्ज असता तर शिन्सेइ, वर्गात नाव नोंदवायचं असतं तर मोशिकोमु. गाडीचा ब्रेक लावायचा असता तर काकेरु.

यातला नुरु विशेष बघण्यासारखा आहे. जपानी-इंग्रजी कोशकाराच्या मनात नुरु म्हणजे रंग देणे, लुकण फिरवणे, फासणे. त्याने नोंदीत तेच इंग्रजी शब्द आधी लिहिले. त्यामुळे 'अप्लाय' टाकून बसलेल्या माणसाला तो चटकन समोर दिसेलच असं नाही. जपानी-इंग्रजी कोश उलटा वाचण्याची मर्यादा ती हीच : यादीत जे नाही ते आपल्याला सुचतही नाही. मला तो सुचला कारण डोक्यात 'मलम लावणे, चोपडणे' होतं, आणि 'स्मिअर' टाकून बघितल्यावर तो सापडला. इंग्रजी शब्दच बदलून बघायचा, ही जिशोशी बोलायची सगळ्यात उपयोगी रीत आहे. 'फ्री' टाकू नका. 'विदाउट चार्ज' म्हणा, 'व्हेकंट' म्हणा, 'फ्रीडम' म्हणा.

फ्रीचं नाव निघालंच आहे तर : पैसे न लागणारं ते मुर्यो किंवा बोलण्यात तादा, मोकळा वेळ हिमा, रिकामी जागा आइते इरु, स्वातंत्र्य जियू, साखर नसलेलं मुतो. टॅक्सीच्या काचेवर आणि वाहनतळाच्या पाटीवर 'जागा आहे' या अर्थी कूशा. पण जपानी स्थानकांवर पत्रकांच्या मांडणीपाशी 'गोजियू नि ओतोरि कुदासाइ' असं लिहिलेलं असतं, म्हणजे खुशाल घ्या. तिथे फुकट या अर्थाच्या प्रसंगी जियू हजर आहे! कोशातल्या सीमारेषा वापरात अशा ओलांडल्या जातात, म्हणून नुसत्या प्रतिशब्दाने भागत नाही, वाक्य बघावं लागतं.

काताकानात, म्हणजे परके शब्द लिहायच्या जपानी लिपीत, लिहिलेले इंग्रजी शब्द हा वेगळाच सापळा. इंग्रजी 'क्लेम' आणि जपानी कुरेएमु एकच दिसतात, पण कुरेएमु म्हणजे ग्राहकाची तक्रार. विम्याचा दावा करायचा तर सेइक्यू, मत ठामपणे मांडायचं तर शुचो. मान्शोन म्हणजे हवेली नव्हे, साधा फ्लॅट. कोन्सेन्तो म्हणजे संमती नव्हे, भिंतीतला विजेचा सॉकेट. साबिसु म्हणजे सेवा आहेच, पण दुकानदाराने वर काही फुकट दिलं तर तेही साबिसुच. जिशो या नोंदींत अर्थ बरोबर देतं. घोटाळा होतो तो आपण नोंद उघडतच नाही म्हणून. ओळखीचा शब्द दिसला की हात थांबतो.

नोंदीवरच्या खुणांबद्दल थोडं. 'कॉमन वर्ड' ही हिरवी खूण उपयोगी आहे, पण ती नेहमीचा शब्द एवढंच सांगते, तुमच्या वाक्यात बसेल असं नाही. जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेची पातळी म्हणून एन ५ ते एन १ अशी जी खूण दिसते, तिच्यावर फार विसंबू नका. २०१० साली परीक्षेचं स्वरूप बदललं तेव्हापासून शब्दांच्या अधिकृत याद्या प्रसिद्ध होत नाहीत. या पातळ्या अंदाजाने लावलेल्या आहेत. त्यापेक्षा आदरार्थी, नम्र, जुनाट, बोलीतला, संगणकशास्त्रातला, कायद्यातला या खुणा लाखमोलाच्या. 'देणे'साठी यादीतून साशिआगेरु उचलला आणि तो नम्र रूप आहे हे पाहिलं नाही, तर धाकट्या भावाला खाऊ देतानाही जणू दरबारात नजराणा पेश केल्यासारखं वाटेल. देणाऱ्याकडून बाहेर जातं ते आगेरु आणि आपल्याकडे येतं ते कुरेरु, हा दिशेचा भेद तर इंग्रजीतही नाही, मराठीतही नाही. तो कोशातून शिकण्याच्या फंदात पडू नये, वाक्यं ऐकून शिकावा.

उदाहरणवाक्यं जिशोमध्ये भरपूर आहेत. त्यांतला मोठा साठा प्राध्यापक यासुहितो तानाका यांनी विद्यार्थ्यांकडून जमवलेल्या जोडवाक्यांतून आलेला आहे, जो पुढे तातोएबा या खुल्या प्रकल्पात गेला. स्वयंसेवकांनी त्यात पुष्कळ साफसफाई केली आहे. तरी काही वाक्यं अजून इंग्रजीवरून बेतल्यासारखी वाटतात. शब्द कसा बसतो याची पहिली कल्पना यायला ती पुरेशी आहेत, नक्कल करायला नाहीत.

आता खात्री कुठे करायची? इथे एक गैरसमज खोडून काढायलाच हवा. ताकोबोतो, शिराबे जिशो, योमितान, अशी फोनवरची आणि ब्राउझरमधली कितीतरी साधनं मुख्यतः जेएमडिक्टवरच चालतात. पाच ठिकाणी तोच शब्द मिळाला म्हणजे पाच साक्षी झाल्या असं समजू नका. पाचही घागरी एकाच विहिरीवर भरलेल्या आहेत. दुसरं मत हवं असेल तर जपानी लोकांसाठी केलेला इंग्रजी-जपानी कोश उघडायला हवा. वेब्लिओ आणि एइजिरो हे दोन्ही जाळ्यावर सहज मिळतात. त्यांत इंग्रजी शब्द मथळ्याला असतो आणि त्याचे अर्थ क्रमाने वेगळे केलेले असतात, म्हणजे जिशोत नेमकं जे नाही ते. अडचण एवढीच की सगळं स्पष्टीकरण जपानीत असतं, त्यामुळे सुरुवातीच्या पातळीवर धाप लागते. मॅक संगणक असेल तर त्यातल्या कोशात विझ्डम हा सानसेइदो प्रकाशनाचा कोश सुरू करून घेता येतो, आणि तो मला फार आवडतो. कोणत्या नामाबरोबर कोणतं क्रियापद हे तो नीट दाखवतो. भाषांतरकार ज्याला आदराने ग्रीन गॉडेस म्हणतात तो केन्क्यूशाचा थोरला जपानी-इंग्रजी कोश, २००३ची पाचवी आवृत्ती, ही या सगळ्यांच्या वरची पायरी. जेएमडिक्टचे संपादकही दुरुस्ती तपासताना त्याचा हवाला देतात.

दोन जपानी शब्दांतच घुटमळायला झालं, म्हणजे आकेरु की हिराकु असा प्रश्न पडला, तर कोतोबांक या संकेतस्थळावर दाइजिसेन हा जपानी-जपानी कोश बघते. त्यात अशा जवळच्या शब्दांचा वापर तोलून दाखवणाऱ्या टिपा ठिकठिकाणी आहेत. दार दोन्ही क्रियापदांनी उघडतं, पण डोळे मिटलेले असतील तर, पुस्तक असेल तर, दुकान असेल तर, काय चालतं आणि काय नाही हे कळतं. आणि खरोखरचा वापर किती आहे हे बघायचं असेल तर राष्ट्रीय जपानी भाषा संस्थेचा सुमारे १० कोटी शब्दांचा लिखित जपानीचा संग्रह आहे, २०११ साली खुला झालेला. कुसुरि, म्हणजे औषध, त्याच्याबरोबर कोणतं क्रियापद येतं ते तिथे डोळ्यांनी दिसतं : नोमु, म्हणजे पिणे. गोळीसुद्धा जपानीत पितातच.

वस्तूंच्या बाबतीत याहून सोपा उपाय म्हणजे जपानी शब्द टाकून चित्रं शोधणं. 'स्प्रिंग'साठी हारु, इझुमि, बाने हे तीन मिळाले. चित्रांत एकाला फुललेली झाडं, दुसऱ्याला झरा, तिसऱ्याला लोखंडी वेटोळं दिसलं की विषय संपतो. यंत्रांच्या भागांसाठी मी हेच करते. यांत्रिक भाषांतराची साधनं वापरणाऱ्यांनी एक पथ्य पाळावं : सुटा शब्द देऊ नये, पूर्ण वाक्य द्यावं. वाक्यातून त्यांना अर्थ निवडायला धागा मिळतो, सुट्या शब्दाला ती सगळ्यात रूढ अर्थ चिकटवून मोकळी होतात.

सरळ सांगायचं तर, वाचनासाठी जिशोला पाचपैकी पाच. क्रियापदाचं कोणतंही रूप टाका, ते मूळ रूप ओळखतं. अनोळखी कांजी हाताने रेखून किंवा तिचे घटक निवडून शोधता येते. उच्चार ऐकता येतो. इंग्रजीतून जपानी लिहिण्यासाठी मी तीन देईन, आणि उलटतपासणीची सवय लागलेल्या माणसाच्या हातात चार. उरलेला एक गुण कापण्याचं कारण जिशोच्या कर्त्यांचा आळस नव्हे. जपानी-इंग्रजी कोशाकडून इंग्रजी-जपानी कोशाचं काम करून घेण्याची ती किंमत आहे. शिकायला नुकती सुरुवात केलेल्यांनी जिशो आणि चित्रशोध एवढ्यावर भागवावं. जपानी स्पष्टीकरण वाचता येऊ लागलं की वेब्लिओ किंवा एइजिरो शेजारच्या टॅबमध्ये उघडा. पैसे घेऊन भाषांतर करणार असाल तर विझ्डम किंवा केन्क्यूशा यांपैकी एक घ्याच, आणि सुट्या शब्दांचा तक्ता हाती आला की काम सुरू करण्याआधी प्रत्येक ओळ कोणत्या पडद्यावर दिसणार आहे त्याची चित्रं मागून घ्या.